हळदीचे तीन थर

शेवटचा स्क्रू निघाला, अंकुशनं गिटारच्या पाठीवरचं झाकण नखानं उचललं, आणि आतून एक झुरळ निघून त्याच्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत धावत गेलं.

तो ओरडला नाही. झुरळाला एवढा मान देणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यानं हात झटकला, पायातली चप्पल काढली, झुरळाचा निकाल लावला, चप्पल नळाखाली धुतली, हात धुतले, आणि झुरळ जिथवर पोचलं होतं तिथवरचा हात पुन्हा वेगळा साबण लावून धुतला. आत स्वयंपाकघरात त्याची बायको मोनाली नळाच्या आवाजावरून हे सगळं ओळखत होती.

"देवानं तुमाले माणूस काऊन केलं काय माहीत," ती आतूनच म्हणाली. "साबणाची वडी केली असती तं बरं झालं असतं."

वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतल्या अंकुशच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. तिथं भिंतीवर गिटारी टांगलेल्या, टेबलावर पांढरं कापड, कापडावर स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे मांडलेले, आणि दारातच एक पाटी: 'हात धुऊनच वाद्याला हात लावावा.' वर्ध्याहून, हिंगणघाटहून, पुलगावहून वादक त्याच्याकडे येत, पाटी वाचून गालात हसत, आणि मुकाट्यानं हात धूत. कारण इलेक्ट्रिक गिटारीत हात घालणारा दुसरा माणूस आसपास नव्हता. शिवाय अंकुशच्या तोंडाला लागण्यापेक्षा हात धुतलेले बरे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जे असेल ते तो तोंडावर बोलायचा. त्यानं कधी कुणाचं मन राखायला खोटं बोलल्याचं मोनालीला तरी आठवत नव्हतं.

तो परत टेबलाशी आला, नाकाला रुमाल बांधला आणि दिवा खाली ओढला.

आत बघून त्यानं रुमालाची गाठ आणखी आवळली. झुरळांची अंडी, लेंड्या, मेलेल्या लाल मुंग्यांची एक अख्खी रांग, आणि ते सगळं एका पिवळट चिकट लगद्यात रुतून बसलेलं. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचे भाग त्या लगद्यात बुडाले होते. गिटार खरखर करते, मध्येच बंद पडते, अशी तक्रार होती. न करून सांगते कुणाला? वास तर असा, की रुमालाच्या दोन घड्यांमधूनही नाकात घुसत होता. खवट, उग्र, पण कुठंतरी ओळखीचा. कुठला, ते त्याला आठवेना, आणि आठवत नाही म्हणून त्याची चीड आणखी वाढली.

परक्याची गिटार असती तर त्यानं शिव्या देऊन काम उरकलं असतं. पण ही त्यानं स्वतः उभी केलेली होती. बंद पडलेल्या एका बँडच्या अडगळीतून त्यानं हिचं धड आणलं होतं. मान शिसवी पट्टीची, तिच्यावरचे फ्रेट, म्हणजे सुरांच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एकेक करून बसवलेले, घासलेले, काचेसारखे केलेले. साडेतीन वर्षांपूर्वी हिंगणीचा रोशन दुकानात आला, हात धुतले, ही गिटार मांडीवर घेतली आणि डोळे मिटून असं काही वाजवलं, की मोनाली हातातलं कणकेचं पातेलं घेऊन दारात येऊन उभी राहिली. अंकुशनं गिटार त्याला दिली. एकाच अटीवर.

"नीट नाई ठेवली तं परत घेईन. मंग बदल्यात दुसरी कोणतीही नेजो, पण हे नाई भेटणार."

रोशननं मान डोलावली होती. आणि आता हे. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते उगीच नाही.

अंकुशनं तारा काढल्या आणि प्लास्टिकच्या पट्टीनं मानेच्या बुडाशी खरवडायला सुरुवात केली. मान जिथं धडाला जोडलेली असते, तिथं घाण सगळ्यात जास्त होती. वरचा थर मऊ आणि पिवळाजर्द. त्याखाली एक खाकी थर. त्याच्याही खाली, लाकडाला धरून, डिंकासारखा काळा कडक थर. हळद होती ती, शंकाच नाही. हळद आणि कसला तरी तेलकटपणा. तो जोडाच्या फटीतून झिरपत, तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पिकअपच्या खाचेतून पार पाठीच्या कप्प्यात उतरला होता, आणि त्याच्या वासावर मुंग्या-झुरळांनी संसार थाटला होता.

तीन थर, तीन लग्नसराया. अंकुशला चित्र लख्ख दिसलं. रोशन ऑर्केस्ट्रात वाजवतो, लग्नात हळदीचे कार्यक्रम, नवरदेवाला फासलेली हळद, तोच बरबटलेला हात गिटारवर, वरून जेवणाच्या ताटातलं तूप. श्शी! एवढी जागा सोडून वाजवणाऱ्याचा हात मानेच्या बुडाशी, तोही दोन्ही कडांना, जाईलच कशाला, असा एक प्रश्न त्याला क्षणभर पडला खरा. पण किळस एकदा नाकात गेली की माणसाला विचार सुचत नाही.

त्यानं चिमटीनं झुरळाचं अंडं उचलून कागदावर ठेवलं, आणि डाव्या हातानं फोन लावला.

"रोशन, तू गिटारीवर जेवते का रे?"

"काय झालं, दादा?"

"मलेच विचारून राह्यला काय झालं? झुरळं पोसली तू आतमंदी. हळदीनं बरबटलेले हात घेऊन वाजवते, होय ना? खरं सांग."

"हळद? कुठं आहे, दादा?"

"मानेच्या बुडाशी. बोटभर थर. एक नाई, तीन."

पलीकडे एकदम शांत झालं. मागे कुठंतरी गाय हंबरली. कुणा म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "कोन आहे रे?"

"हो, दादा," रोशन म्हणाला. "माह्याच हातून झालं. चुकलं."

"चुकलं म्हणून भागत नाई. अट आठवते का? हे गिटार आता तुले भेटत नाई. रॅकवरची दुसरी देतो, प्लायवूडची आहे, तुह्यासारख्या घाणेरड्याले तेच बरी."

"दादा, शनिवारी नागपूरच्या ऑर्केस्ट्रावाल्याईपुढं वाजवाचं आहे. त्याईले पसंत पडलं तं कायमचं घेतीन. ह्याच गिटारीवर हात बसला आहे माहा."

"हात बसला म्हणूनच तं घाण बसली. तू येऊ नको मायासमोर. कोणाले तरी पाठव, शुक्रवारी."

त्यानं फोन ठेवला आणि फोनही स्पिरिटनं पुसला.

पुढचे दोन दिवस त्याचे त्या गिटारीतच गेले. जुना टूथब्रश, कापूस, स्पिरिट, पुन्हा कापूस. टेबलाशेजारच्या डब्यात पिवळे बोळे साठत गेले. मान धडापासून सुटी केली, फटीतलं सगळं कोरून काढलं, सडलेल्या वायरी कापून नव्या जोडल्या, फ्रेट पुन्हा काचेसारखे केले. दर अर्ध्या तासाला नळ वाहत होता. जेवायला बसला तरी वास बोटांतून जाईना. मोनालीनं वरणावर तूप वाढलं तेव्हा त्यानं ताट दूर सारलं.

"मले दोन दिवस तूप दाखवू नको."

"त्या पोट्ट्यावर इतका राग?"

"राग नाई, किळस आहे. राग उतरते तरी."

त्याच्या ताटातला तुपाचा वरण-भात मोनालीनं आपल्या ताटात ओढून घेतला.

गिटार स्वच्छ झाली तेव्हा ती इतकी देखणी दिसायला लागली, की अंकुशला राहवेना. त्यानं कपाटातून मोनालीचा जुना बांगड्यांचा डबा काढला. त्यात कापसात गुंडाळून त्यानं स्वतः घडवलेले दोन पिकअप होते. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे, सगळे हातानं. तारेचा थरकाप टिपून स्पीकरपर्यंत नेण्याचं काम पिकअपचं, आणि गिटारीचा गळा म्हणतात तो तिथंच असतो. हे दोन लायक हातासाठी राखून ठेवलेले होते. मेडिकल कॉलेजात शिकणारी गुंजन गेले सहा महिने चांगल्या गिटारीसाठी त्याच्या मागे लागली होती. मुलीची नखं कापलेली, रुमालात दुसरा रुमाल. गिटार तिलाच द्यायची, असं त्यानं ठरवून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी ये, म्हणून तिला कळवलंही. पिकअप बसवले, नव्या तारा चढवल्या, एक सूर छेडला. आवाज असा आला, की तो स्वतःच थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

शुक्रवारी दुपारी दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा पायजामा, शर्टाची वरची गुंडी लावलेली, डोक्याला दुपट्टा, काखेत कापडाची मोठी घडी आणि हातात प्लास्टिकची बरणी. त्यानं पाटी वाचली, दोन्ही वस्तू पायरीवर ठेवल्या आणि विचारलं:

"पाणी कुठं आहे जी?"

अंकुशनं बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं नळाशी वाकून कोपरापर्यंत हात धुतले, दुपट्ट्याला न पुसता हवेतच वाळवले, आणि मग आत आला.

"मी मनोहरराव. हिंगणीचा. रोशनचा बाप. पोट्टा कामावर गेला, म्हनलं मीच जातो. सेलूवरून बस भेटली."

अंकुशचा चेहरा आवळला. या माणसाला सगळं ऐकवायचं त्यानं ठरवून ठेवलं होतं. लेकराला वळण लावता येत नाही तर निदान त्यानं काय दिवे लावलेत ते बापाला कळू दे. त्यानं रॅकवरची प्लायवूडची गिटार उतरवून टेबलावर ठेवली.

"हे न्या, काकाजी."

मनोहररावांनी तिच्याकडे एकदाच बघितलं.

"हे आमची नाई जी." आणि भिंतीकडे वळून, नव्या पिकअपनं, नव्या तारांनी ओळख न पटण्याइतक्या बदललेल्या त्या दुसऱ्या गिटारीकडे सरळ बोट केलं. "थे पाहा ना. थे आमची."

"कशी ओळखली?"

"आता घ्या! आपलं जनावर माणूस हजारात ओळखते." ते हसले. "रोशन म्हने, वायर सुटली होती. मी म्हनलं, इतकुशा वायरीले इतके दिवस?"

"वायर? असं सांगतलं त्यानं?"

"हो ना. म्हने दादा लय चांगले आहेत, लय मन लावून करतात, म्हणून टाइम लागते."

अंकुशनं तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं, झुरळापासून. तेवढ्यात मनोहररावांनी काखेतली घडी उलगडली. बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल होती, लाल, आरसे लावलेली, कडेची झालर विरलेली. तिची घडी मोडली आणि तो वास आला. जुना, खवट, हळदीचा. अंकुशच्या बोटांत दोन दिवस बसलेला तोच.

पवनारला त्याच्या लहानपणी घरी भाजीचा मळा होता आणि एक बैलजोडी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी वडील हाक मारायचे आणि तो न्हाणीघरात लपून बसायचा, कारण बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं म्हटलं की त्याला ओकारी यायची. त्याला सगळं आठवलं, आणि तो खुर्चीवर बसला.

मनोहररावांनी भिंतीवरून गिटार उतरवून घेतली होती. मानेच्या बुडाशी अंगठा फिरवला, बोट नाकाशी नेलं.

"गेली पार," ते म्हणाले. "असू द्या. पुसल्याबिगर तुमचं काम कसं होईन."

"काय गेलं, काकाजी?"

म्हाताऱ्यानं जरा दाराकडे बघितलं, आतल्या खोलीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"कोनाले सांगू नका, हासतीन. तीन सालं झाले, जोडी देऊन टाकली. माह्यानं होईना आता, अन् पोट्ट्याचा जीव वाजवण्यात. वावराचं काम ट्रॅक्टरनं होते. तं पयल्या साली पोळा आला. आदल्या दिवशी बुढीनं सवयीनं हळद-तूप कालवून ठेवलं, खांद शेकाले. अन् मले आठवलं, खांदा कोनाचा आहे आता? वाटी घेऊन कोठ्यात उभा राह्यलो मी. फेकवते का थे? मंग मनात आलं, घरात वझं कोन वाहून राह्यलं? हेच. पोट्टा बाहेर गेलता. हिचाच खांदा चोळला. चांगला दोन्हीकडून. अन् आवतण देल्लं, जसं बैलाले देतात तसं. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." ते स्वतःशीच हसले. "तवापासून दर साली. तीन पोळे झाले. रोशनले माहीत नाई, बरं का. त्याले वाटन बुढ्ढा येडा झाला."

अंकुशच्या पायाशी डबा होता. डब्यात पिवळे बोळे काठोकाठ. त्यानं पायानं तो हळूच टेबलाखाली सारला. रोशनला माहीत नव्हतं, परवा दुपारपर्यंत. बोटभर थर, तीन, मानेच्या बुडाशी, एवढं ऐकल्यावर पलीकडे शांतता का पसरली होती ते आता त्याला कळलं. बाप मागे उभा होता. पोरानं घाणेरडा हा शब्द गिळला, अट गिळली, शनिवारसुद्धा गिळला. आणि आपण फोन स्पिरिटनं पुसला. आयुष्यात पहिल्यांदा अंकुशला स्वतःची किळस आली, आणि त्यावर साबण चालणार नव्हता.

"एक विचारू का जी?" मनोहरराव गिटार जनावरासारखी छातीशी धरून उभे होते. "तुमी जाणते. त्या हळदी-तुपानं काही बिघडत तं नाई ना इच्यात? तसं असन तं सांगा. मी बंद करतो."

आतल्या दारात मोनाली येऊन उभी राहिली होती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि तिला भीती वाटत होती, कारण तिचा नवरा तिला माहीत होता.

"नाई," अंकुश म्हणाला. "वायरच सुटली होती."

"बरं झालं बाप्पा." म्हाताऱ्यानं श्वास सोडला. "मले उगीच घोर होता."

"पण काकाजी, खांदा चुकला तुमचा." अंकुश उठला. गिटार त्यांच्या हातातून घेऊन त्यानं पालथी केली. मान आणि धड जिथं स्क्रूंनी आवळलेली होती, तिथं पाठीमागे एक चौकोनी स्टीलचा पत्रा चकाकत होता. "तुमी जिथं लावता थे हिची मान आहे. खांदा हा. साऱ्या तारांची ओढ इथं येते. जू इथं बसते, असं समजा."

"अस्सं!" मनोहरराव वाकून बघायला लागले. "मी आपला इतके सालं मानच चोळून राह्यलो."

"इथं लावजा. बोटाच्या टोकाएवढं. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं पुसून टाकाचं. अन् पोळा झाला की आठ दिवसांत मायाकडं आणाची, दर साली. सर्विसिंग असते."

"आणतो ना. मीच आणतो." त्यांनी अंगठा त्या पत्र्यावर ठेवला, थोडा दाबला, बैलाचा खांदा सुजलाय का ते बघतात तसा. मग झूल पसरून गिटार तिच्यात गुंडाळली. आरशांचा, हळदीचा आणि तीन पावसाळ्यांचा तो कुबट कपडा अंकुशच्या काचेसारख्या फ्रेटांना लगटला आणि त्याच्या अंगावर शहारा आला.

जाताना त्यांनी पायरीवरची बरणी त्याच्या हातात दिली. "घरच्या गाईचं आहे. बुढीनं देल्लं." बरणीच्या बाहेरून तूप ओघळलेलं होतं. अंकुशनं ती दोन्ही हातांनी घेतली.

म्हातारा कोपऱ्यावर वळेपर्यंत तो दारात उभा राहिला. मग बरणी टेबलावर, पांढऱ्या कापडावर ठेवली. कापडावर पिवळा गोल डाग उमटला. मोनालीनं हसून बरणी उचलली आणि आत नेली.

"गुंजन येईन ना संध्याकाळी?" तिनं आतून विचारलं.

"येईन. सांगतो तिले, गिटार दुसऱ्याची होती म्हणून."

त्यानं तशाच चिकट बोटांनी फोन लावला.

"रोशन. बाबा गिटार घेऊन गेले. तेच, तुही."

पलीकडे यंत्राचा आवाज चालू होता. रोशन बाजूला जाऊन उभा राहिला असावा, आवाज कमी झाला.

"दादा, त्याईले काही बोलले तं नाई ना?"

"बोललो ना. वायर सुटली होती म्हणलं."

यंत्राचा आवाज आणखी दूर गेला.

"हो," रोशन म्हणाला. "वायरच होती."

"तारा नव्या आहेत," अंकुश घाईघाईनं म्हणाला. "उद्या पयल्या दोन गाण्यांत उतरतीन. घाबरू नको. मधात सुरात आणून घेजो. आवाज थोडा बदलला वाटन, पिकअप दुसरे टाकले."

"हो, दादा."

"अन्..." अंकुश थांबला. त्याला माफी मागायची होती आणि ती कशी मागतात ते त्याला येत नव्हतं. पलीकडून रोशननंच वाट करून दिली.

"हात धुऊन वाजवीन, दादा," तो म्हणाला.